लांब पल्ल्याचा स्कोप: खान्देशच्या उन्हात काय चालतं, काय नाही

मे महिन्यात दुपारी बाराला, भुसावळकडच्या नांगरून पडलेल्या काळ्या रानावरून ५०० मीटरवरचा नेमाचा कागद रायफलीवर बसवलेल्या २५ पटीच्या दुर्बिणीतून, म्हणजे स्कोपमधून, बघा. कागद दिसत नाही, चुलीवर उकळी फुटलेलं पाणी दिसतं. काळा ठिपका पसरतो, आखडतो, वर तरंगतो. हाच स्कोप १० पटीवर आणला की ठिपका लहान होतो, पण निदान एका जागी उभा राहतो. म्हणजे मोठ्या पटीसाठी मोजलेले जास्तीचे पैसे आपल्याकडे वर्षातले तीन-चार महिने, दिवसाच्या ऐन वेळी, पेटीतच पडून राहतात.

तरीही दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती पटीचा आहे?" लांब पल्ल्यासाठी तो प्रश्न पाचवा-सहावा असायला हवा. इथे स्कोप दुर्बिणीपेक्षा मोजपट्टीचं काम जास्त करतो. गोळी किती खाली पडणार हे आधी माहीत असतं. तेवढा कोन स्कोपने अचूक फिरवून द्यायचा आणि नंतर बरोबर मूळ जागी परत यायचं, एवढीच त्याची खरी नोकरी. ही नोकरी न जमणाऱ्या स्कोपची काच कितीही चकचकीत असली तरी उपयोग शून्य.

आधी हे बघा: तुम्हाला स्कोप लागतो का?

अकादमीत १० मीटर एअर रायफल शिकणाऱ्या पोरांच्या पालकांनी हा लेख इथेच सोडला तरी चालेल. ऑलिंपिक पद्धतीच्या १० आणि ५० मीटर रायफल प्रकारांत दुर्बिणीचा स्कोप चालतच नाही. तिथे मागे बारीक छिद्राची आणि पुढे गोल कड्याची साइट असते. स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्यपदक मिळवलं ते अशाच साइटवर.

स्प्रिंगच्या छऱ्याच्या बंदुकीवर मोठ्या रायफलीचा भारी स्कोप बसवायचा मोह मात्र टाळा. साधी रायफल धक्का देते तो मागे. स्प्रिंगच्या बंदुकीत पिस्टन पुढे धावताना बंदूक आधी मागे सरकते आणि पिस्टन टोकाला आदळला की पुढे झटका खाते. बऱ्याच स्कोपच्या आतली भिंगं एकाच दिशेचा धक्का सोसतील अशी धरलेली असतात. उलटा झटका बसत राहिला की काही शे छऱ्यांतच रेटिकल (स्कोपच्या आतला नेमाचा क्रॉस आणि त्यावरच्या खुणा) फिरतं किंवा भिंग सैल होतं. शिवाय मोठ्या रायफलीच्या ज्या स्कोपला फोकसची वेगळी चाकी नसते, त्याचा फोकस बहुधा १०० यार्डांवर कायम केलेला असतो, त्यामुळे १५ मीटरवरचा कागद धूसर दिसतो. स्प्रिंग एअर रायफलसाठी चालतो असं स्पष्ट लिहिलेला आणि १० मीटरपर्यंत फोकस होणारा स्कोपच घ्या.

कायद्याचं थोडक्यात. रायफलीला १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम लागू होतात. परवाना हवा आणि गोळीबार मान्यता असलेल्या रेंजवरच. रोही आणि रानडुकरं पिकात शिरतात हे दुखणं खरं आहे, पण त्यासाठी स्कोप घ्यायचा विचार असेल तर तो इथेच थांबवा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय त्यांना मारणं हा सरळ गुन्हा आहे. इथून पुढचं सगळं कागदावर आणि लोखंडी प्लेटवर नेम धरणाऱ्यांसाठी.

मिल म्हणजे काय

हायवेवर एका किलोमीटरच्या दगडाशी उभं राहून पुढच्या दगडाकडे बघा. त्या दगडाच्या शेजारी एक मीटरची काठी उभी केली, तर तिच्या बुडापासून शेंड्यापर्यंत तुमच्या डोळ्याशी जो कोन होतो तो एक मिलिरेडियन. नेमबाजांच्या तोंडी 'मिल'. अंतराचा हजारावा भाग, एवढंच लक्षात ठेवा. १०० मीटरवर एक मिल म्हणजे १० सेंटीमीटर, ५०० वर ५० सेंटीमीटर, हजारावर एक मीटर.

स्कोपच्या वरच्या टरेटला, म्हणजे नेम सरकवायच्या गोल चाकीला, बहुतेक वेळा ०.१ मिलचा क्लिक असतो. एक 'टक' झाला की १०० मीटरवर नेम एक सेंटीमीटर सरकतो, हजारावर १० सेंटीमीटर. दुसरं माप एमओए, म्हणजे अंशाचा साठावा भाग. १०० मीटरवर तो २.९ सेंटीमीटर भरतो आणि क्लिक सहसा पाव एमओएचा असतो. एका मिलमध्ये ३.४४ एमओए बसतात.

दोन्ही मापं चांगली आहेत. वाईट आहे ती खिचडी: रेटिकलवर मिलच्या खुणा आणि टरेटवर एमओए. समजा गोळी ०.८ मिल खाली लागलेली रेटिकलमध्ये दिसली. टरेट मिलचा असेल तर आठ क्लिक वर, विषय संपला. टरेट एमओएचा असेल तर ०.८ गुणिले ३.४४, म्हणजे २.७५ एमओए, म्हणजे ११ क्लिक. कागदावर सोपं आहे. उन्हात पालथं पडून, घाम डोळ्यात जात असताना हे तोंडी करून बघा. असे खिचडी स्कोप अजून विकले जातात, आणि स्वस्तात मिळतात ते याच कारणाने. आपण मीटर-सेंटीमीटरवाले, त्यामुळे रेटिकल आणि टरेट दोन्ही मिलचे घेणं सोयीचं.

टरेटला किती फिरायची जागा आहे

स्कोप पाच हजारांचा की लाखाचा यापेक्षाही आधी तो तुमच्या अंतरापर्यंत पोहोचतो का ते बघायचं. हे गणित विकत घेण्यापूर्वीच करता येतं, आणि बहुतेक जण नेमकं तेच करत नाहीत.

जगभर लांब पल्ल्याचं उदाहरण म्हणून .३०८ कॅलिबरची १७५ ग्रेनची गोळी घेतात (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप). सुटताना वेग सेकंदाला ७९० मीटरच्या आसपास. १०० मीटरवर शून्य बांधलं असेल, म्हणजे तिथे नेम धरू तिथेच गोळी लागेल असा स्कोप लावलेला असेल, तर ३०० मीटरवर तिला दीड मिलहून थोडं जास्त वर घ्यावं लागतं, ५०० वर सुमारे ४, ८०० वर साडेआठ आणि हजारावर १२ ते १३ मिल. अंतर दुप्पट झालं की पडझड दुप्पट होत नाही, कितीतरी जास्त होते, कारण गोळी वाटेत वेग गमावत जाते आणि तेवढा जास्त वेळ गुरुत्वाकर्षणाच्या हाती सापडते.

आता स्कोपच्या माहितीपत्रकात 'एकूण उभा फेर २० मिल' असं लिहिलंय असं धरा. वाचणाऱ्याला वाटतं, १३ लागतात आणि २० आहेत, झालं. पण तो फेर वर-खाली मिळून असतो. टरेट मधोमध असताना वर जायला १० मिलच उरतात. हजार मीटरला दोन-तीन मिल कमी पडतात आणि टरेट टोकाला जाऊन अडतो.

यावर तोडगा स्कोपमध्ये नाही, त्याच्या खालच्या रेलमध्ये, म्हणजे रायफलीवर बसवलेल्या ज्या पट्टीवर स्कोप चढतो तिच्यात आहे. २० एमओए उताराची रेल मिळते: मागची बाजू किंचित उंच, पुढची किंचित खाली. २० एमओए म्हणजे ५.८ मिल. ती लावली की वर १५.८ मिल मिळतात आणि खाली ४.२ राहतात, १०० मीटरचं शून्य बांधायला तेवढे पुरतात. टरेटच्या अगदी टोकाशी काम करणं एरवीही बरं नाही. स्कोपची नळी गोल असते, त्यामुळे वरच्या टोकाला गेल्यावर वाऱ्यासाठी आडवं सरकायला जागा आक्रसते आणि चित्राची धारही जाते.

नळीच्या जाडीचा अर्थही इथेच लागतो. २५.४, ३० आणि ३४ मिलिमीटरच्या नळ्या मिळतात. '३० ची नळी जास्त उजेड देते' हे काउंटरवरचं ठरलेलं वाक्य चुकीचं आहे. उजेड पुढच्या भिंगाच्या आकारावर, काचेच्या दर्जावर आणि तिच्यावरच्या लेपावर ठरतो. जाड नळीत आतल्या यंत्रणेला हलायला जागा जास्त, म्हणून फेर जास्त.

हजार मीटरची रेंज सर्वसामान्य नेमबाजाला सहज मिळत नाही. त्याला एक सुंदर पर्याय आहे, '.२२ लाँग रायफल' नावाचं छोटं काडतूस. ५० मीटरवर शून्य बांधलेली, आवाजाच्या वेगाखाली जाणारी .२२ ची गोळी १०० मीटरवर साधारण २ मिल आणि २०० मीटरवर ८ मिलच्या आसपास मागते. म्हणजे २०० मीटरची .२२ टरेटला जवळपास तेवढंच पळवते जेवढं .३०८ ची ८०० मीटर पळवते. वाराही तिला तसाच ढकलतो. काडतूस स्वस्त, धक्का नगण्य. स्कोप वापरायला शिकायचं असेल तर याहून चांगली शाळा नाही.

टरेटवर आणखी दोन गोष्टी बघा. पहिली, एका पूर्ण फेऱ्यात किती मिल. १० मिलचा फेरा असेल तर हिशेब डोक्यात राहतो. ५ चा असेल तर दुसरा की तिसरा फेरा चालू आहे ते विसरायला होतं. दुसरी, झीरो स्टॉप: टरेट खाली फिरवताना शून्यावर ठाम अडवणारा खटका. तो नसेल आणि १० मिलच्या टरेटचा एक फेरा चुकला, तर हजार मीटरवर गोळी १० मीटर इकडे-तिकडे जाते. ती लक्ष्यामागच्या मातीच्या बांधात न बसता बांधावरून पुढेही जाऊ शकते, म्हणून झीरो स्टॉपला चैन समजू नका.

रेटिकल पुढे की मागे

झूम फिरवल्यावर चित्राबरोबर रेटिकलही मोठं-लहान होत असेल तर ते फर्स्ट फोकल प्लेन. चित्र मोठं झालं पण रेटिकल तेवढंच राहिलं तर सेकंड फोकल प्लेन.

पहिल्या प्रकारात एक मिलची खूण कुठल्याही पटीवर एक मिलच मोजते. दुसऱ्यात ती फक्त एका पटीवर खरी असते, बहुतेक वेळा सर्वात मोठ्या. ६-२४ चा सेकंड फोकल स्कोप उन्हाच्या झळांमुळे १२ वर आणला की प्रत्येक खूण दुप्पट मोजू लागते. ५०० मीटरला ४ मिल वर धरायचं म्हणून चौथ्या खुणेवर नेम धरला, तर खरं धरलं गेलं ८ मिल, आणि गोळी दोन मीटर वरून गेली. नेमबाज शिव्या देतो काडतुसाला.

आपल्याकडे झळांमुळे पट सारखा खाली-वर करावा लागतो, म्हणून लांब पल्ल्याला फर्स्ट फोकलच घ्यावा असं आमचं मत. त्याची उणीवही सांगतो: लहान पटीवर त्याच्या रेषा केसाएवढ्या बारीक होतात आणि सावलीत हरवतात. विकत घेण्यापूर्वी सर्वात लहान पटीवर, झाडाच्या गर्द पानांवर धरून क्रॉस दिसतो का ते पाहा. ठरलेल्या अंतरावर, ठरलेल्या पटीवरच मारणाऱ्याला सेकंड फोकल पुरतो आणि पैसेही वाचतात.

रेटिकलने अंतर मोजता येतं हे खरं, पण त्यावर फार विसंबू नका. वस्तूची मीटरमधली रुंदी गुणिले हजार, भागिले दिसलेले मिल. अर्धा मीटर रुंद प्लेट १.२ मिल दिसली तर अंतर ४१७ मीटर. तीच डोळ्याने १.१ वाचली तर ४५५. एका दशांशाच्या चुकीने ३८ मीटर गेले. लेझर रेंजफाइंडर वापरा, किंवा रेंजवर टेप लावून एकदाच मोजून खुंट्या ठोका.

पट, भिंग आणि डोळ्याची बाहुली

५-२५×५६ याचा अर्थ ५ ते २५ पट आणि पुढच्या भिंगाचा व्यास ५६ मिलिमीटर. व्यासाला पटीने भागलं की डोळ्याशी येणाऱ्या उजेडाच्या गोलाचा आकार मिळतो. ५६ भागिले २५ म्हणजे २.२ मिलिमीटर. ४४ चं भिंग १६ पटीवर २.७५ देतं, १० पटीवर ४.४.

आता दुसरी बाजू बघा. खान्देशच्या भर उन्हात माणसाची बाहुली दोन-तीन मिलिमीटरपर्यंत आकसलेली असते. त्याहून मोठा गोल आला तरी वरचा उजेड बाहुलीबाहेरच पडतो. तेव्हा दुपारच्या कामाला ५६ चं भिंग ४४ पेक्षा उजळ दिसणार नाही. फायदा होतो तो झुंजूमुंजू उजाडताना किंवा तिन्हीसांजेला, बाहुली पाच-सहा मिलिमीटर उघडलेली असताना. मोठा गोल असला की डोळा किंचित हलला तरी चित्र काळं पडत नाही, हा एक फायदा मात्र दिवसभर मिळतो. उलट मोठ्या भिंगामुळे स्कोप उंच बसवावा लागतो, गाल कुंद्यावरून सुटतो आणि मान अवघडते. मग कुंद्यावर गालासाठी उंची चढवणं आलं.

आमच्या हिशेबाने ६०० मीटरपर्यंतच्या कामाला ३-१५ किंवा ४-१६ हा पट्टा भरपूर झाला. हजारासाठी ५-२५ घ्या, पण उन्हाळ्यात तो १२-१५ च्या वर क्वचितच जाईल हे धरून चाला.

काच दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तपासू नका. सकाळी लवकर बाहेर न्या आणि विजेच्या खांबाची कड आकाशावर धरून बघा. कडेला जांभळी-हिरवी किनार जितकी कमी, तितकी काच चांगली. कोपऱ्यातलं चित्र मधल्याइतकंच धारदार आहे का तेही पाहा.

पॅरलॅक्स: डोकं हलवून पाहा

रेटिकल आणि लक्ष्याचं चित्र स्कोपच्या आत एकाच पातळीवर पडलं नाही, तर डोकं हलवल्यावर क्रॉस लक्ष्यावरून सरकतो. बैलगाडीतून बघताना जवळचं बाभळीचं झाड लांबच्या टेकडीवरून सरकत जातं, तसंच. रायफल जागेवर, क्रॉस मात्र हलतोय, म्हणजे गाल दर वेळी वेगळ्या जागी टेकला की गोळीही वेगळीकडे.

लांब पल्ल्याच्या स्कोपला यासाठी डाव्या बाजूला चाकी असते. पण तिला हात लावण्याआधी मागची डायॉप्टरची, म्हणजे रेटिकल डोळ्याला स्पष्ट करणारी, कडी लावून घ्यायची. स्कोप मोकळ्या आकाशाकडे धरा, सूर्यापासून लांब. दोन सेकंद बघा आणि डोळा काढा. पहिल्याच क्षणी रेटिकल काळंभोर, धारदार दिसेपर्यंत कडी फिरवा. फार वेळ टक लावलीत तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि फसवतो. ही कडी एकदा लावली की पुन्हा हलवायची नाही. मग लक्ष्यावर येऊन चाकी अशी फिरवा की डोकं वर-खाली केलं तरी क्रॉस हलणार नाही. चाकीवर छापलेल्या १००, ३००, ५०० या आकड्यांवर जाऊ नका, ते अंदाजाचे असतात.

झळा आणि पातळ हवा

तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा प्रकाश वाकवते. याला नेमबाज मिराज म्हणतात. काळी माती गोऱ्या मातीपेक्षा जास्त तापते, म्हणून तापीकाठच्या नांगरलेल्या रानावर तो जास्त. वाटेत हिरवी केळीची बाग असेल तर तिच्यावरून जाताना चित्र शांत होतं आणि पलीकडे पुन्हा खळबळतं.

मिराज नुसता त्रास देत नाही, वाराही सांगतो. फोकस लक्ष्याच्या थोडा अलीकडे आणा. झळा सरळ वर उठत असतील तर वारा नाही, किंवा तो थेट तोंडावर वा पाठीवर आहे. तिरप्या वाहत असतील तर हलका वारा, आडव्या धावत असतील तर जोरदार. केळीच्या चिरलेल्या पानांकडे नजर ठेवली की तीच गोष्ट दुसऱ्या साक्षीदाराकडून कळते. झळा चित्र उचलून दाखवतात, त्यामुळे नेमही फसतो. शून्य बांधायचं काम सकाळी आठ-साडेआठच्या आत उरकावं.

तापमानाचा दुसरा परिणाम दिसत नाही, पण मोठा असतो. जळगावला जानेवारीच्या पहाटे १० अंश आणि मेमध्ये दुपारी ४४ अंश धरा. हवेचा दाब तोच असेल तर मेची हवा सुमारे ११ टक्के पातळ. पातळ हवेत गोळी कमी अडते आणि हजार मीटरवर वरच्या उदाहरणातली गोळी अर्ध्या मिलहून जास्त, म्हणजे अर्धा मीटरहून जास्त, वर लागते. कुठल्या अंतराला किती मिल वर घ्यायचे याचा हिवाळ्यात बनवलेला तक्ता उन्हाळ्यात जसाच्या तसा वापरायचा नाही. हजार मीटरहून उंच तोरणमाळवरही तेच, तिथे उंचीमुळे हवा पातळ. स्कोप यात काही करू शकत नाही, पण ज्याचा क्लिक खोटा आहे त्या स्कोपवर चूक हवेची की यंत्राची हेच कळत नाही.

बसवणं: इथे घाई केली की सगळं गेलं

सातत्याने फाटणारे ग्रुप (एकाच नेमावर झाडलेल्या गोळ्यांच्या खुणांचा पुंजका) आणि 'शून्य टिकत नाही' ही तक्रार बहुतेक वेळा स्कोपची नसते, त्याला रेलवर धरून ठेवणाऱ्या रिंगांची असते. स्कोपला मोठी रक्कम आणि रिंगा सर्वात स्वस्त, हा उलटा व्यवहार. स्कोपच्या किमतीचा पाचवा-सहावा हिस्सा रेल-रिंगांसाठी बाजूला ठेवा.

आधी रायफल रिकामी आहे याची खात्री करा, रायफलीचा बोल्ट काढून ठेवा. रेलचे स्क्रू आणि भोकं स्पिरिटने तेलरहित करा. रेल कसून झाली की खालच्या रिंगा तिच्यावर ठेवा आणि कसण्यापूर्वी पुढे, बंदुकीच्या नळीच्या तोंडाकडे, दाबून धरा. गोळी सुटली की रायफल मागे जाते आणि जड स्कोप जागेवर राहू बघतो. रिंगेचा आडवा बोल्ट रेलच्या खाचेच्या पुढच्या भिंतीला आधीच टेकलेला असेल तर सरकायला जागाच उरत नाही.

स्कोप रिंगांत ठेवून वरच्या टोप्या सैल लावा. आता डोळ्याचं अंतर. पालथं पडून, नेहमीच्या ढबीत, सर्वात मोठ्या पटीवर बघा. उभं राहून लावलेलं अंतर पालथं पडल्यावर चुकतं, कारण पडल्यावर डोकं पुढे जातं. डोळ्यापासून आठ ते दहा सेंटीमीटर सुटले पाहिजेत. कमी सुटले तर धक्क्यासरशी स्कोपची कड भुवईवर अर्धचंद्र काढते.

मग रेटिकल उभं करणं. यासाठी गवंड्याचा ओळंबा घ्या. २५ मीटरवर निंबाच्या फांदीला पांढऱ्या दोरीने टांगा, वारा असेल तर ओळंबा पाण्याच्या बादलीत सोडा म्हणजे झुलणार नाही. रायफल पाणसळने सपाट धरा आणि स्कोप रिंगांत फिरवून उभी रेषा दोरीवर बसवा. ही नुसती हौस नाही. रायफल तीन अंश कलली आणि टरेट साडेबारा मिल वर असेल, तर गोळी सुमारे ०.६५ मिल बाजूला जाते, हजार मीटरवर ६५ सेंटीमीटर. ३०० मीटरवर तीच चूक जेमतेम अडीच सेंटीमीटर दिसते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. स्कोपवर लहान पाणसळ कायमची लावून टाका.

टोप्यांचे स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे, दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवत कसा. शेवटचा ताण सहसा १.७ ते २ न्यूटन-मीटर. रिंग बनवणाऱ्याने दिलेला आकडा वेगळा असेल तर तोच पाळा. हाताच्या अंदाजाने एलन की पिळणारा माणूस सहज दुप्पट ताण देतो. स्कोपची नळी दबते, आतली भिंगं अडकतात, पॅरलॅक्सची चाकी जड फिरू लागते. टॉर्कचा, म्हणजे नेमका ताण मोजून कसणारा, पाना विकत घ्यावा, नसेल तर उसना आणावा. टोप्यांच्या स्क्रूंना ते सैल होऊ नयेत म्हणून लावतात ते लॉकचं द्रावण लावू नका: ओलं असताना ते तेलाचं काम करतं आणि त्याच आकड्यावर प्रत्यक्ष दाब जास्त बसतो.

क्लिक खरा आहे का

गोळी न झाडताही अर्धी परीक्षा होते. स्कोप बाकावरच्या शिकंजात, नळीभोवती रबर गुंडाळून, हलकेच पण पक्का धरा. टेपने बरोबर ५० मीटर मोजून भिंतीवर पोलादी मोजपट्टी उभी लावा. क्रॉस शून्यावर ठेवून टरेट १० मिल फिरवा. क्रॉस पट्टीवर ५० सेंटीमीटर सरकला पाहिजे. परत शून्यावर आणा. तो मूळ रेघेवरच आला पाहिजे, जवळपास नव्हे. हे दहा वेळा करा. आडव्या टरेटवरही.

मग रेंजवर. १०० मीटर टेपने मोजा, पावलांनी नाही: अंतर तीन मीटर चुकलं तर निकालही तीन टक्के चुकतो आणि बिचारा स्कोप बदनाम होतो. सव्वा मीटर उंच कागदावर ओळंब्याने उभी रेघ मारा. खालच्या ठिपक्यावर तीन गोळ्या झाडा. टरेट १० मिल वर, नेम त्याच खालच्या ठिपक्यावर, पुन्हा तीन. दोन ग्रुपच्या मध्यांत १०० सेंटीमीटर हवेत आणि वरचा ग्रुप रेघेवरच हवा. रेघेच्या बाजूला गेला तर रेटिकल कललेलं आहे. शेवटी टरेट शून्यावर आणून तीन गोळ्या. त्या पहिल्या तिघींत मिसळल्या पाहिजेत.

१०० ऐवजी ९७ आले तर स्कोप तीन टक्के कमी देतो. साडेबारा मिलवर ते ०.३७ मिल होतात, हजार मीटरवर ३७ सेंटीमीटर. ही चूक कायम तेवढीच राहत असेल तर घाबरायचं कारण नाही: तक्त्यातला प्रत्येक आकडा ०.९७ ने भागून नवा आकडा लिहा. १२.५ चे १२.९ होतात. पण एकदा ९७, एकदा १०१, आणि परत येताना शून्य दोन क्लिक बाजूला, असं झालं तर तो स्कोप लांब पल्ल्याला निरुपयोगी. पावती असेपर्यंत परत करा. ऑनलाइन अर्ध्या किमतीत मिळणारे नामांकित छापाचे स्कोप इथेच उघडे पडतात. बाहेरून नक्कल हुबेहूब असते, आतल्या स्प्रिंगची नक्कल कुणी करत नाही. खरेदीआधी अनुक्रमांक कंपनीकडून पडताळून घ्या.

धूळ, ऊन आणि रुमाल

वैशाखातली धूळ भिंगावर बसली की हात आपोआप खांद्यावरच्या उपरण्याकडे जातो. धुळीत वाळूचे कण असतात. कोरडं पुसलं की लेपावर ओरखडे पडतात ते कायमचे. आधी रबरी फुंकणी, मग मऊ कुंचला, आणि एवढं करूनही डाग राहिला तरच भिंगाच्या कागदावर एक थेंब द्रावण घेऊन मधून कडेकडे पुसायचं. उन्हात बंद गाडीत स्कोप ठेवू नका. रेंजवर थांबलात तर टोपणं लावा, आणि सूर्याकडे तोंड करून रायफल कधीच ठेवू नका, भिंग ते ऊन रेटिकलवर गोळा करतं. रेटिकल उजळणारा दिवा असेल तर गोल चपटा सेल जास्तीचा एक खिशात असू द्या. आणि लांबचा माणूस कोण आहे हे बघायला रायफलीचा स्कोप उचलायचा नाही, त्यासाठी वेगळी दुर्बीण गळ्यात ठेवा. स्कोप जिकडे वळतो तिकडे बंदुकीची नळीही वळते.